सिंबिडियम फुलेना! थंडीतल्या ऑर्किडवाल्यांनो, जरा इकडे या

खिडकीतली | ९ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. आधी शोधून पाहिलं. ऑर्किडवर दोन धागे सापडले, पण दोन्हीकडे पाचव्या प्रतिसादानंतर चर्चा उकडीच्या मोदकांवर गेलेली.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये किराणा दुकानात भाजी आणायला गेले आणि सिंबिडियम नावाच्या ऑर्किडची कुंडी घेऊन आले. दोन दांडे, फिकट पोपटी फुलं, खालच्या पाकळीवर तांबूस ठिपके. नऊ आठवडे टिकली फुलं. घरी येणारा प्रत्येक जण "खरी आहेत?" म्हणून बोट लावून बघायचा. त्यानंतर आजतागायत एक कळी नाही.

झाड मजेत आहे. पानं लांबलचक, दृष्ट लागावी अशी गडद हिरवी. ते कांद्यासारखे फुगीर बल्ब कुंडीच्या काठावरून बाहेर डोकावतायत. मे महिन्यात डेकवर काढते (पूर्वेकडे, सकाळचं दोनेक तास ऊन). पाणी, खत वेळच्या वेळी. सप्टेंबरात रात्री गार व्हायला लागल्या की दिवाणखान्यात मोठ्या खिडकीपाशी. हिवाळ्यात घर ७० फॅरेनहाइट (फॅ.) असतं. त्याच खिडकीत माझं दुसरं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस, वर्षातून दोनदा फुलतो, त्यामुळे खिडकीचा दोष नसावा. नवरा म्हणतो, पातीचा कांदा म्हणून जाहीर कर आणि विषय मिटव.

पुढच्या आठवड्यात रात्री ५५ फॅ. पर्यंत उतरणार म्हणतायत. शनिवारी कुंडी आत आणायचा बेत आहे. त्याआधी काही करता येईल का?

पडवी | ९ सप्टेंबर

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात. अंगणाच्या कोपऱ्यात बारा महिने पडून असतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. मी काहीच करत नाही. मदत शून्य झाली, कळतंय मला. :)

बर्फाळ_बुवा | १० सप्टेंबर

शनिवारी कुंडी आत आणू नका. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

मी ओंटारियोत, मिसिसागाला. वीस वर्षं सिंबिडियम करतोय, त्यातली पहिली पाच तुमच्यासारखीच पानं मोजण्यात गेली. ज्या रात्री गार लागायला लागलं म्हणून आपण कुंडी उचलतो, त्याच रात्रींची हे झाड वर्षभर वाट बघत असतं.

उन्हाळ्यात जो नवा बल्ब भरतो त्याच्या बुडाशी डोळे असतात. त्यातल्या एखाद्याचा फुलदांडा व्हायचा तर दोन गोष्टी लागतात: उन्हाळाभर भरपूर उजेड, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे दीड-दोन महिने १० ते १४ सेल्सियसच्या रात्री (तुमच्या भाषेत ५० ते ५७). दिवसापेक्षा रात्र आठ-दहा अंशांनी तरी गार हवी. तुमच्या दिवाणखान्यात रात्रही ७० आणि दिवसही ७०. झाडाला ऋतू बदलल्याचं कळणार कुठून?

फॅलेनॉप्सिसशी तुलना करू नका. तो उष्ण, दमट रानातला. घरातल्या उबेत सुखाने नांदतो. हा डोंगरातला गडी.

दुसरं म्हणजे ती दृष्ट लागावी अशी हिरवी पानं. सिंबिडियमचं पान पोपटी, किंचित पिवळट हवं. गडद हिरवं म्हणजे ऊन कमी. पण हे वाचून आजच दुपारच्या उन्हात नेऊन ठेवू नका, पानं भाजतील आणि तो काळा डाग पान गळेपर्यंत जात नाही. रोज तासभर वाढवत न्या. सप्टेंबरचं ऊन मवाळ असतं, सोसेल.

आत कधी आणायचं? दांडा नसलेलं झाड मी पारा १-२ सेल्सियसवर येईपर्यंत बाहेर ठेवतो. मोठ्या जाती तास-दोन तास शून्याच्या किंचित खालीही तगतात, पण कळ्या आणि कोवळे दांडे हिमाने काळे पडतात. त्यामुळे दांडा दिसला असेल तर ४-५ सेल्सियसला आत. तुमच्याकडे हिम साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पडतं ना? म्हणजे अजून पाच-सहा आठवडे हातात आहेत.

टोपणनाव_सुचेना | १० सप्टेंबर

फॅलेनॉप्सिसच्या लेबलवर आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला असं छापलेलं असतं. सिंबिडियमला मग अख्खा फ्रीज का?

बर्फाळ_बुवा | १० सप्टेंबर

खडे सरबतात घाला. गारवा हवेत हवा, मुळाशी नको.

खिडकीतली | १० सप्टेंबर

बुवा, खूप आभार! म्हणजे चार वर्षं मी लाडाने त्याचं वाटोळं करत होते. ५५ ला मीच शाल शोधते, झाडाला कसं बाहेर ठेवू असं वाटायचं.

दोन शंका. एक, पाणी किती? दोन, हिमाच्या आधी आत आणल्यावर ठेवू कुठे? घरात सगळीकडे हीटिंग आहे.

डोंगरवाट | ११ सप्टेंबर

पाण्याचं उत्तर माझ्याकडून. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरांचे पूर्वज म्हणजे लोवियानम, इबर्नियम, ट्रेसियानम, इन्सिग्ने, हुकेरियानम वगैरे मंडळी. पूर्व हिमालय, म्यानमार, व्हिएतनामचे डोंगर हे त्यांचं माहेर. बरीचशी दीड-दोन हजार मीटरवर शेवाळलेल्या झाडांच्या बेचक्यांत किंवा खडकांच्या कपारीत, कुजलेल्या पानांच्या भुश्यात मुळं रोवून असतात. जून ते सप्टेंबर तिथे धो धो पाऊस. ऑक्टोबर उजाडला की आभाळ निवळतं, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री पारा एकदम खाली. मग कोरडा, थंड हिवाळा, तोही धुक्या-दवाने थोडा ओलसर.

खिडकीतली, तू त्याला सरळ श्रावणातून उचलून एप्रिलच्या पुण्यात नेऊन ठेवतेस. मधला आश्विन-कार्तिक गायब!

तेव्हा पाणी असं: मे ते सप्टेंबर सढळ, कुंडीतून खळाळून वाहून जाईल इतकं. ऑक्टोबरपासून हात आखडता, पण पूर्ण कोरडं कधीच नाही. बल्ब सुरकुतले तर समजायचं, तहान लागलीय किंवा मुळं कुजलीयत. पानांची टोकं काळी पडत असतील तर खताचे क्षार साचलेत, साध्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा धुऊन काढ.

अवांतर: सिंबिडियम हे नाव ग्रीकमधल्या होडीवरून आलंय. खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती होडीसारखी खोलगट असते ना, म्हणून. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये हे बारसं केलं. सिक्कीममध्ये शेतकरी फुलदांड्यांसाठी सिंबिडियम लावतात, आणि पाक्योंगला १९९६ पासून ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. त्या बाजूला कुणी गेलं तर डोळे भरून बघून या.

शेवग्याची_शेंग | ११ सप्टेंबर

इथे न्यू जर्सी-कॅनडाच चाललंय, पण माझाही प्रश्न घ्या. पुण्यात, कोथरूडला. दोन वर्षांपूर्वी कलिंपोंगच्या रोपवाटिकेतून मागवलेलं सिंबिडियम आहे. पुण्यातही डिसेंबरात रात्री १० सेल्सियस होतंच की! मग माझ्याकडे का फुलत नाही?

बर्फाळ_बुवा | ११ सप्टेंबर

तुमच्याकडे थंडी येते, पण उशिरा. बल्ब भरत असताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, पुण्याची रात्र २०-२१ च्या खाली जात नाही. डिसेंबरात गारवा येईपर्यंत गाडी सुटलेली असते. त्यातून एखादा दांडा आलाच तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कळ्या पिवळ्या पडून गळतात.

डोंगरवाट | १२ सप्टेंबर

शेंगताई, हा हट्ट पुण्यात सोडा. महाबळेश्वर-पाचगणीला कुणाचं घर असेल तर तिथे नेऊन ठेवा, निदान शक्यता तरी आहे. नाहीतर एन्सिफोलियम जातीचं रक्त असलेले संकर बघा. 'गोल्डन एल्फ' त्यातलाच. पिवळा, सुवासिक, ऊब चालणारा. फुलं लहान असतात, पण असतात!

आणि खरं सांगू? आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात सिंबिडियमच्या आपल्या स्वतःच्या जाती आहेत. ॲलोइफोलियम आणि बायकलर. जाड, चामड्यासारखी पानं, आणि उन्हाळ्यात झाडाच्या खोडावरून लोंबणारे तांबूस-पट्टेरी फुलांचे लांब सर. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात, पण गावात ही बहुतेकांना नुसतं 'बांडगूळ' म्हणूनच माहीत. बांडगूळ नाहीत हो ती! झाडाचा रस शोषत नाहीत, नुसती बसायला जागा घेतात. (रानातून ओरबाडून आणू नका, हे सांगायला लागू नये.)

टोपणनाव_सुचेना | १२ सप्टेंबर

मी डिसेंबरात सिक्कीमला जातोय. येताना दोन-चार बल्ब सॉक्समध्ये गुंडाळून शिकागोला आणले तर?

डोंगरवाट | १२ सप्टेंबर

तर विमानतळावर बल्बही जातील आणि सॉक्सही. सगळी ऑर्किडं दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात येतात. परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. फोटो काढा.

पडवी | १३ सप्टेंबर

एक मूलभूत प्रश्न. एवढं नखऱ्याचं झाड किराणा दुकानात कांदे-बटाट्यांशेजारी विकायला कसं परवडतं?

डोंगरवाट | १३ सप्टेंबर

जॉर्ज मोरेल या फ्रेंच माणसाची कृपा. पूर्वी उत्तम सिंबिडियम श्रीमंतांकडेच असायचं. एका झाडाची दोन झाडं करायला वर्षं लागायची, आणि विषाणू लागला की तो सगळ्या तुकड्यांत पसरायचा. मोरेलने १९६० मध्ये दाखवून दिलं की कोंबाच्या अगदी टोकाचा कणभर भाग काचेत वाढवला तर विषाणूमुक्त रोपं मिळतात, आणि तीही हवी तितकी. ऊतीसंवर्धन म्हणतो ते. आपल्या जळगावच्या केळ्यांची रोपं होतात तशीच.

त्याआधीची गोष्टही छान आहे. सिंबिडियमचा पहिला नोंदलेला संकर इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेतला, १८८९ चा. आई-बाप इबर्नियम आणि लोवियानम. त्याचा पुढे व्हिएतनामच्या इन्सिग्नेशी संकर करून इंग्लंडमध्येच वेस्टनबर्टला 'अलेक्झांडेरी' तयार झाला, आणि आजच्या पांढऱ्या-गुलाबी सिंबिडियमांपैकी कित्येकांच्या पणजोबांत तो सापडेल. म्हणजे एडिसनच्या डेकवरच्या त्या पातीच्या कांद्यात म्यानमार आणि व्हिएतनाम दोन्ही असणार.

खिडकीतली | २९ सप्टेंबर

ताजी खबर. आई साताऱ्याहून आलीय तीन महिन्यांसाठी. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं. तरी गेले चार दिवस सकाळी कुंडी मला थोडी सरकलेली दिसायची. मला वाटलं खारी! (कुंडीतल्या बार्कमध्ये, म्हणजे झाडाच्या सालीच्या तुकड्यांत, त्या अक्रोड पुरून ठेवतात, तो वेगळा वैताग.) काल रात्री पाणी प्यायला उठले तर आई कुंडी कडेवर घेऊन दारातून आत येत होती. म्हणे, "लेकराला कुडकुडत बाहेर ठेवून मला झोप लागत नाही." पहाटे मी उठायच्या आत परत जागेवर ठेवायची!

आता तिला थर्मामीटर दिलाय आणि सांगितलंय, ४० फॅ. च्या खाली गेला तर मला उठव. तिने जबाबदारी मनावर घेतली आहे. रात्री दोनला उठून वाचून येते आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवते.

टोपणनाव_सुचेना | २९ सप्टेंबर

काकूंना साष्टांग नमस्कार. धाग्याचा सदस्य करून घ्या त्यांना.

शेवग्याची_शेंग | ३० सप्टेंबर

खताचं काय ठरलं? मी तांदळाचं धुवण आणि केळ्याच्या सालीचं पाणी घालते. गुलाब फार छान येतो त्याने.

बर्फाळ_बुवा | ३० सप्टेंबर

गुलाब मातीत असतो, तिथे ते कुजवायला जीवजंतू आहेत. सिंबिडियम झाडाच्या सालीच्या तुकड्यांत आणि पर्लाइटच्या हलक्या पांढऱ्या खड्यांत असतं. तिथे केळ्याचं पाणी घातलं की चिलटं आणि बुरशी, बाकी काही नाही. नाराज होऊ नका, मीही घालून बघितलंय. ताकसुद्धा. बायको आठवडाभर बोलत नव्हती, ताकासाठी नव्हे, वासासाठी.

साधं विद्राव्य खत घ्या, डब्यावर सांगितलंय त्याच्या पाव-अर्ध्या मात्रेत. मार्च ते जुलै नत्र जास्त असलेलं, म्हणजे तीन आकड्यांतला पहिला मोठा. ऑगस्टपासून नत्र कमी, पालाश जास्त. हिवाळ्यात महिन्यातून एखादवेळ किंवा अजिबात नाही. ऑगस्टनंतरही नत्राचा मारा चालू ठेवला तर पानंच पानं. खिडकीतली, तुमचं खत कुठलं?

खिडकीतली | ३० सप्टेंबर

...३०-१०-१०. बारा महिने.

पडवी | ३० सप्टेंबर

मी खत घालतच नाही. जाते आता.

खिडकीतली | १९ ऑक्टोबर

काल रात्री ३९! आईने दीड वाजता उठवलं आणि कुंडी गराजमध्ये आली. तिथे दक्षिणेला एक खिडकी आहे. गराज घराला जोडलेलं, गरम करत नाही, पण जानेवारीतही ४५ फॅ. च्या आसपास असतं असं नवरा म्हणतो. बर्फ काढायचं यंत्र सरकवून जागा केली. चालेल?

आणि मुख्य म्हणजे, बुडाशी काहीतरी आलंय!! हिरवं, बोटाच्या पेराएवढं. दांडा की नवा कोंब? आई म्हणते दांडा, नवरा म्हणतो कांद्याची पात.

बर्फाळ_बुवा | १९ ऑक्टोबर

४५ उत्तम. खिडकी लहान असेल तर वर साधा एलईडी दिवा टांगा, दहा-बारा तास. गाडी गराजमध्ये चालू ठेवत जाऊ नका, धुराने कळ्या गळतात (आणि माणसंही).

आत आणताना कुंडी पाण्याच्या बादलीत काठोकाठ वीसेक मिनिटं बुडवली होती का? नसेल तर आज बुडवा. गोगलगायी, मुंग्या, काय काय वर येतं बघा. गोगलगाय एका रात्रीत दांड्याचं टोक खाते आणि वर्ष वाया जातं. पानांच्या मागच्या बाजूने ओला बोळा फिरवा. पांढुरका भुगा दिसला तर लाल कोळी, चिकट लागलं तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण.

दांडा ओळखायची खूण: दांडा गोलसर, पेन्सिलीसारखा, टोक बोथट. हलकेच दाबला तर टोकाशी पोकळ, मऊ लागतो. पानाचा कोंब चपटा, टोकदार आणि घट्ट, आणि थोडा वाढला की टोकाशी दोन पानं फाकतात. पण दाबायची घाई करू नका. माझ्या एका पाहुण्याने खात्री करून घेताना दांडाच मोडला होता.

खिडकीतली | १९ ऑक्टोबर

बादलीतून दोन गोगलगायी, एक गोम आणि एक अक्रोड निघाला.

गवतीचहा | २ नोव्हेंबर

उशिरा येतेय. लीड्स, यॉर्कशायर. माझ्याकडे दांडे येतात, दरवर्षी तीन-चार. कळ्या अगदी टपोऱ्या होतात आणि उमलायच्या आठवडाभर आधी पिवळ्या पडून एकेक गळते. मागच्या वर्षी एका दांड्यावरच्या चौदापैकी दोन उमलल्या. रडू यायचं बाकी होतं. थंड काचघरात असतं झाड, ८-१० सेल्सियस.

बर्फाळ_बुवा | २ नोव्हेंबर

कळ्या टपोऱ्या झाल्या की घरात आणता का? पाहुण्यांना दिसावं म्हणून?

गवतीचहा | २ नोव्हेंबर

...हो. रेडिएटरच्या वरच्या खिडकीत. बाहेरून कळलं का काय तुम्हाला?

बर्फाळ_बुवा | ३ नोव्हेंबर

सगळे तेच करतात, म्हणून कळलं. कळी फुगत असताना रात्र १५ च्या वर गेली आणि हवा कोरडी झाली की झाड कळ्या सोडून देतं. दांड्यावरची बहुतेक फुलं उमलेपर्यंत थंडीतच ठेवायचं. पूर्ण उमलल्यावर आत आणा, तेही शक्य तितक्या गार खोलीत. आणि फळांच्या टोपलीपासून दूर! पिकलेल्या केळी-सफरचंदांतून इथिलीन वायू निघतो, फुलं दोन दिवसांत मलूल होतात.

या निमित्ताने डिसेंबर २०१३ चं बर्फाचं वादळ आठवलं. टोरांटोच्या आसपास लाखो घरांची वीज गेली होती, ऐन नाताळात. आमची तीन दिवस नव्हती. माझी सोळा झाडं मागच्या बंद व्हरांड्यात, तिथे थर्मोस्टॅट लावलेला एक छोटा तेलाचा हीटर. तो बंद. मेणबत्ती घेऊन मी आणि मुलगा कुंड्या घरात आणत बसलो. अकरा आणल्या आणि माझी पाठ धरली. उरलेल्या पाच राहिल्या. सकाळी त्यांच्या कळ्या उकडल्यासारख्या पारदर्शक झालेल्या, दुपारपर्यंत काळ्या. आतल्या अकरा मात्र एकदम खूश. घर ९ सेल्सियसवर होतं, आम्ही चौघं दोन-दोन स्वेटर घालून एका दुलईत, आणि सिंबिडियमला हवं तसं हवामान! त्या वर्षीसारखी फुलं पुन्हा आली नाहीत. बायको म्हणते, तुमच्या फुलांसाठी दरवर्षी वीज घालवा.

डोंगरवाट | ३ नोव्हेंबर

बुवा, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

जिथे गार पण हिम नसलेली जागाच नाही अशांसाठी: छोट्या जातीचे, मिनिएचर संकर घ्या. घरातली ऊब मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त चालते आणि खिडकीत मावतातही. उलट ज्यांची थंडी जास्तच कडक आहे त्यांनी गोएरिंगीई शोधावी. चीन, कोरिया, जपानची ही जात हलकं हिमही सोसते. जपानीत 'शुनरान', वसंतातलं ऑर्किड. एका दांड्यावर एकच हिरवट फूल, आपल्याला 'हे काय' वाटेल. पण चिनी शाईचित्रांत आलूबुखार, बांबू, शेवंतीबरोबर चौथं जे ऑर्किड असतं ते हेच, आणि याचे भाऊबंद.

खिडकीतली | १४ जानेवारी

तिळगूळ घ्या. दांडा दीड फूट झालाय (दांडाच निघाला, आई जिंकली). काठी लावून सैल बांधलाय. आई डिसेंबरात परत गेली, आता रोज व्हिडिओ कॉलवर आधी गराज दाखवावं लागतं, मग नातू. बाहेर १२ फॅ., गराजमध्ये ४३. दुसराही एक दांडा येत होता, तो मात्र दोन इंचांवर थांबला आणि वाळला. माझ्याच हातून एकदा महिनाभर पाणी द्यायचं राहिलं.

खिडकीतली | १८ मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवशी पहिलं फूल! अकरा कळ्या आहेत. एकही गळलेली नाही, सगळ्या उमलेपर्यंत आत आणणार नाही, शपथ. नवरा गराजमध्ये खुर्ची टाकून चहा पितोय. कांद्याची पात म्हणालेला माणूस.

पडवी | १८ मार्च

अभिनंदन! माझी यंदा गोगलगायींनी खाल्ली. काहीच न करण्याचा हा तोटा.

खिडकीतली | ६ एप्रिल

पुन्हा प्रश्न. सगळी फुलं पोपटी असताना खालच्या दोन फुलांचा ओठ चार दिवसांत लालभडक झालाय आणि पाकळ्या मिटायला लागल्यात. रोग का? विषाणूचं वाचून घाबरलेय.

डोंगरवाट | ६ एप्रिल

घरात लहान मूल आहे ना? फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला एक टोपी असते, तिच्याखाली परागांचे दोन पिवळे गोळे. ते निघाले की झाड समजतं परागीभवन झालं, आता नटायचं कारण नाही. ओठ लाल आणि खेळ खलास. विषाणू असेल तर पानांवर फिकट, तुटक रेषा आणि ठिपके दिसतात.

खिडकीतली | ६ एप्रिल

विचारलं. चिरंजीवांनी "पिवळा मोती" काढून लेगोच्या ट्रकमध्ये ठेवलाय.

खिडकीतली | २१ मे

फुलं संपली, कुंडी बदलली. बुवांनी सांगितल्याप्रमाणे तीन-तीन बल्बांचे दोन भाग केले. मुळांचा गोळा इतका घट्ट की शेवटी पाव कापायची सुरी लागली, आधी गॅसवर तापवून निर्जंतुक केलेली. पानं झडलेले जुने चार बल्ब निघाले, ते ओल्या शेवाळात ठेवलेत, कोंब येतील म्हणे. फुलायला तीन-चार वर्षं.

एडिसन-आयझलिनच्या आसपास कुणाला हवे असतील तर दोन देऊ शकते. अट एकच, दिवाणखान्यात ठेवायचं नाही.

टोपणनाव_सुचेना | २१ मे

शिकागोहून गाडीने बारा-तेरा तास. एक बाजूला ठेवा. आणि काकू परत कधी येतायत?